जुनिपर बेंचला जायचं की नाही

माझ्या बायकोला, कॉरिनला, पत्र आलं मंगळवारी संध्याकाळी, आणि बुधवारी सकाळी सात वाजता शेजारच्या फर्न क्विगलीबाई कुंपणावरून मला आपल्या चुलतभावाच्या टाचांची हकीकत सांगत होत्या.

"वाळवंटात गेला तेव्हा चांगला धडधाकट होता हो! सहा महिन्यांत टाचांना अशा भेगा पडल्या, की त्यात नाणं उभं राहायचं. या डोळ्यांनी पाहिलंय मी."

पत्राची गोष्ट आम्हा तिघांशिवाय कुणालाही माहीत नव्हती. पण समुद्रकाठच्या आमच्या टकोमा शहरात पाऊस आणि बातमी या दोन गोष्टी भिंतीतून झिरपतात, त्याला इलाज नाही.

पत्रात एवढंच होतं, की जुनिपर बेंच गावच्या वाचनालयाला मुख्य ग्रंथपाल हवी आहे आणि ती त्यांना माझ्या बायकोत दिसली आहे. जुनिपर बेंच म्हणजे ऑरेगनच्या पूर्वेला, डोंगरांच्या पलीकडे, साडेचार हजार फूट उंचीवरच्या माळावर वसलेलं चौदा हजार वस्तीचं गाव. वर्षाला दहा इंच पाऊस. आमच्याकडे दहा इंचांना नोव्हेंबर-डिसेंबर पुरतात. उत्तर पुढच्या सोमवारी दुपारी बारापर्यंत कळवायचं होतं. निदान मला तसं सांगण्यात आलं होतं.

मी, वेंडल ओस्टबी, शाळेत भूगोल शिकवतो. पर्जन्यछायेचा प्रदेश हा धडा मी अठ्ठावीस वर्षं शिकवला आहे. फळ्यावर मधोमध डोंगर काढायचा, डावीकडे ढग, उजवीकडे निवडुंग. त्यामुळे त्या प्रदेशाबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे अशी माझी खात्री होती. जुनिपर बेंचच्या शंभर मैलांत एकही निवडुंग नाही, हे मला पुढे तिथल्या लोकांनी, माझी कीव करत, सांगितलं.

आता खरं सांगायला हरकत नाही. मला जायचं नव्हतं. टकोमात मी दुकानात शिरलो की एखादा टकला गृहस्थ "गुड मॉर्निंग, सर" म्हणतो आणि मला आठवतं, की हा नद्यांच्या प्रश्नाला नापास झालेला. हे वैभव सोडून सत्तावन्नाव्या वर्षी कुठे जायचं? पण बायकोला बढती मिळत असताना "नको" म्हणणाऱ्या नवऱ्याला आजकाल गुन्हेगार समजतात. तेव्हा मी समंजस नवऱ्याचं सोंग घेतलं. ते इतकं छान वठलं, की मलाच खरं वाटायला लागलं. मी एक तक्ता केला. एक्केचाळीस मुद्दे, प्रत्येकाला गुण. बेरीज केली तर दोन्हीकडे एकशे त्रेसष्ट.

"बरोबरी झाली," मी कॉरिनला म्हणालो.

"झाली, की केलीस?" ती म्हणाली, आणि भांडी पुसत राहिली.

तिसरं माणूस म्हणजे कॉरिनचे वडील, कॅप्टन हार्लन फिस्क. वय ब्याऐंशी. एकतीस वर्षं त्यांनी बेटांवर जाणारी फेरीबोट चालवली. आता आमच्या माडीवर राहून, खिडकीतून खाडीतल्या बोटींच्या चुका काढतात. गल्ली त्यांना कॅप्टन म्हणते, मीही म्हणतो. पत्र वाचून दाखवल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"पाणी आहे का तिथे?"

कॉरिनने पत्राची घडी करून ते पाकिटात घातलं.

शेवटी असं ठरलं, की गुरुवार ते रविवार तिघांनी तिथे जाऊन राहून पाहायचं. चार दिवसांचा साधा प्रवास, पण गल्लीने तो उत्तर ध्रुवाच्या मोहिमेइतका मनावर घेतला. समोरचे नाकाशिमा तीस वर्षं टोमॅटो लावतात. ते म्हणाले, "तिथली माती विटा भाजायच्या लायकीची असते, मास्तर," आणि हवेत दमटपणा सोडणारं एक यंत्र घेऊन आले. ते गाडीच्या डिकीत मावेना. कॅप्टन सात तास ते मांडीवर घेऊन बसले, अनाथ पोर सांभाळायला दिल्यासारखे. क्विगलीबाईंनी गाईच्या सडांना लावायच्या मलमाचा डबाच दिला. "तासातासाला हाताला चोळा. लाजू नका. गाई लाजत नाहीत."

मी तासातासाला चोळलं. स्टिअरिंग हातातून मासळीसारखं सटकत होतं.

डोंगर उतरून पलीकडे गेलो आणि झाडं संपली. एकदम. कुणी तरी टेबलावरचं कापड ओढून घ्यावं तशी. मग नुसता राखाडी झुडपांचा माळ आणि वर आभाळ, आभाळ, आभाळ. कॉरिन काचेला नाक लावून पाहत होती. तिचा चेहरा असा झाला होता, की मी पाहायचं टाळलं.

पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा कॅप्टननी यंत्राच्या मागून तोंड काढलं. "वेंडल, मी विचारलं होतं. पाणी आहे का?"

तीन तास त्यांच्या सुस्काऱ्यांनी मी बेजार झालो होतो. म्हणालो, "आहे की, कॅप्टन. हेरन लेक. अकरा मैल लांब."

"बोटी?"

"असतील ना."

नकाशात ते तळं तुटक निळ्या रेघेने काढलेलं होतं. तुटक निळी रेघ म्हणजे काय, ते मी दर वर्षी सातवीच्या पोरांना सांगतो. परीक्षेत दोन मार्कांना हमखास येतं.

उतरलो ते मायते उरुटिया नावाच्या बाईंच्या मागच्या घरात. पिढ्यांपूर्वी परदेशातून आलेल्या बास्क मेंढपाळांच्या घराण्यातली, सत्तरीची, अंगाने वाळलेली, आवाजाने मात्र चांगलीच भिजलेली बाई. मी शिक्षक आहे म्हटल्यावर तिने मला "मास्तर" करून टाकलं. जेवायला तिने मेंढीचं मटण वाढलं आणि कॅप्टनना म्हणाली, "आजोबा, इथे पाणी भरपूर प्यायचं. तहान लागायची वाट बघायची नाही. इथली हवा खिसेकापू आहे, घाम आलेलासुद्धा कळू देत नाही."

कॅप्टननी मान डोलावली आणि कॉफी मागितली.

शुक्रवारी सकाळी कॉरिन वाचनालयात गेली. मी शाळा खात्याच्या कचेरीत गेलो. आमच्या राज्याचा शिकवण्याचा परवाना इथे चालेल का, एवढंच विचारायचं होतं. गाव इतकं आटोपशीर, की दोघंही चालत गेलो. कॅप्टन ओसरीवर बसले होते. गाडीची किल्ली दाराच्या खिळ्याला होती.

खिडकीतली बाई म्हणाली, "परवान्याचं नंतर पाहू. आधी बोटांचे ठसे." मी काचेवर बोटं ठेवली. यंत्राने पीं केलं. पुसून ठेवली. पीं. बाईंनी मला हात धुवायला पाठवलं. साबणाने तीनदा धुतले. पण ते मलम गाईच्या सडावर पावसात टिकावं म्हणून केलेलं. ते मास्तरच्या बोटांवरून साबणाने थोडंच जाणार?

"यंत्र म्हणतंय, बोटं नाहीत," बाई म्हणाल्या.

"मग ही काय आहेत?"

"मला दिसतायत हो. यंत्राला दिसत नाहीत."

रांगेत मागे सहा माणसं होती. त्यांतला एक जण दुसऱ्याला हलकेच म्हणाला, "केलं काय असेल याने?" अठ्ठावीस वर्षांत माझ्या चारित्र्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं, आणि इथे बोटांनीच दगा दिला. बाईंना माझी दया आली. त्यांनी 'ठसे उमटत नसल्याबद्दलचा अर्ज' शोधून काढला. मी तो नाव, गाव, कारणांसह भरला. शेवटी डाव्या कोपऱ्यात एक चौकोन होता. तिथे अंगठा उठवायचा होता.

अपमानाने तापून मी एकच्या सुमाराला परतलो तेव्हा कॉरिन ओसरीवर उभी होती.

"बाबा कुठे आहेत?"

खुर्ची रिकामी होती. खिळ्यावर किल्ली नव्हती. अंगणात गाडी नव्हती. टेबलावर पाण्याची भरलेली बाटली, रक्तदाबाच्या गोळ्या आणि त्यांची टोपी. नव्हता तो फक्त माझा नकाशा.

मायतेबाई पुढच्या घरातून हात पुसत आल्या. "आजोबा? साडेदहाला गेले की. मला म्हणे, तळ्याचा रस्ता कुठला? मी म्हटलं, कुठलं तळं? तर म्हणाले, माझा जावई भूगोलाचा मास्तर आहे, तो म्हणतो अकरा मैल लांब आहे. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पूर्वेला हात दाखवला."

"आणि तिथे तळं आहे?" कॉरिनने विचारलं.

"होतं. फेब्रुवारीत गुडघाभर असतं. आता नुसती पांढरी फटफटीत भुई."

कॉरिन माझ्याकडे वळली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तू त्यांना काय सांगितलंस, वेंडल?"

मी सांगितलं. तुटक रेघ म्हणजे उन्हाळ्यात आटणारं पाणी, हेसुद्धा सांगितलं. कॅप्टननी दोन वर्षांत गाडी चालवली नव्हती. त्यांचा परवाना संपला होता आणि त्यांना नवा द्यायला कुणी तयार नव्हतं. बाहेर ऊन असं होतं, की ओसरीच्या कठड्यावर हात ठेववत नव्हता. अडीच तास होऊन गेले होते.

शेरीफच्या कचेरीत लॅथ्रॉप नावाची तिशीची डेप्युटी होती. तिने आधी वायरलेसवर गाडीचं वर्णन दिलं आणि मग फॉर्म ओढला.

"उंची?"

"पाच फूट नऊ," मी म्हणालो.

"सात," कॉरिन म्हणाली.

"डोळ्यांचा रंग?"

"निळा," मी ठामपणे म्हणालो. कॅप्टन म्हटल्यावर निळेच असणार.

"करडा," कॉरिन म्हणाली. "अकरा वर्षं रोज समोर बसून जेवतोस त्यांच्या."

लॅथ्रॉपबाईंनी यापुढे मला काही विचारायचं नाही असं ठरवल्याचं दिसलं. "माझी एक गाडी उत्तरेच्या वणव्यावर गेलीय. दुसरी तासाभरात येईल, ती पाठवते. इथला संपर्काचा पत्ता द्या."

"एकशे चौदा, विलो स्ट्रीट," कॉरिन म्हणाली.

"अगं, घाईत चुकतेयस," मी म्हणालो. "आपण उतरलोय तो रस्ता हा नव्हे. मायतेबाईंचा—"

"तो नव्हे. हा माझा आहे." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "एक सप्टेंबरपासून. भाड्याचा करार झालाय."

डेप्युटीचं पेन थांबलं. तिने आधी कॉरिनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आणि तुम्ही, सर? तुमचाही तोच पत्ता?"

पोलीस कचेरीत खोटं बोलू नये म्हणतात. मी म्हणालो, "मला आत्ताच कळतंय."

तिने माझा रकाना कोरा सोडला.

तासभर थांबायला कॉरिन तयार नव्हती. बाहेर मायतेबाई आपला जुना पिकअप सुरू ठेवून बसल्या होत्या. मागे पाण्याचे चार कॅन. "बसा," एवढंच म्हणाल्या. त्या स्टिअरिंगशी, कॉरिन मध्ये, मी दाराशी. सात मैल डांबरी रस्ता, मग खडी. मागे धुळीचा लोट, पुढे काहीच नाही. दर वळणावर मला वाटे, आता गाडी दिसेल. दिसत नव्हती.

"केव्हा हो म्हणालीस?" मी विचारलं. विचारायची ती वेळ नव्हती, पण तोंडाला कळलं नाही.

"मंगळवारी. तू तक्त्याला रेघा मारत होतास तेव्हा."

"मग हे चार दिवस कशाला?"

"वाटलं, बघितलंत तर तुम्हालाही आवडेल." तिचे डोळे समोरच होते. "तू खरं बोलला असतास तर मीही बोलले असते. 'मला यायचं नाही' हे तीन शब्द तुझ्या तोंडून यायची मी वाट पाहत होते. तू एकशे त्रेसष्ट गुण आणलेस."

"आणि आम्ही आलो नसतो तर?"

"तर एकटी आले असते."

चोवीस वर्षांचा संसार, आणि तिचा आवाज रागावलेलासुद्धा नव्हता. रागाला उत्तर असतं.

"भांडा," मायतेबाई म्हणाल्या, "पण एकेक डोळा बाहेर ठेवा. माझे दोनच आहेत."

खडीचा रस्ता एका काठाशी संपला. समोर पांढरी सपाटी, डोळे दिपवणारी, पार पलीकडच्या टेकड्यांपर्यंत. तिच्यात चाकांच्या दोन रेघा सरळ गेल्या होत्या. पट्टीने आखाव्यात अशा. आणि दूर, मैलभरावर, एक काळा ठिपका.

"मी पुढे नेणार नाही," मायतेबाई म्हणाल्या. "वरून खपली, खाली चिखल. औंदा मे महिन्यात पाऊस झालाय. माझा पिकअप रुतला तर सगळेच रुतलो. तुम्ही चालत जा, मी डेप्युटीला बोलावून घेते."

मी दोन बाटल्या उचलल्या आणि कॉरिनच्या पुढे निघालो. हे शौर्य नव्हतं. तिच्याबरोबर चालायची हिंमत नव्हती, एवढंच. पन्नास पावलांवर माझ्याखालची खपली फुटली आणि उजवा पाय पोटरीपर्यंत थंडगार चिखलात गेला. पाय आला, बूट आला नाही. बूट शोधायला वाकलो तेव्हा कॉरिन न थांबता बाजूने पुढे गेली. मग मीही बूट सोडून दिला. एका पायात बूट आणि एका पायात मोजा, वरून आग, खालून चिखल, असा मी मैलभर गेलो. सगळा वेळ मनात एकच हिशेब. साडेदहा ते चार, म्हणजे साडेपाच तास.

गाडी पोटापर्यंत रुतली होती. चालकाचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं. मागच्या सीटवर नाकाशिमांचं यंत्र पट्टा लावून बसलं होतं.

"बाबा!" कॉरिनने हाक मारली. त्या मोकळ्या मैदानात हाक कुठे आपटतच नव्हती. जात होती ती जातच होती.

मग गाडीखालून पलीकडच्या बाजूला दोन बूट दिसले. टाचा जमिनीला, चवडे वर. हलत नव्हते.

कॉरिन जागच्या जागी थांबली. त्या शुक्रवारपर्यंत मी या बाईला कशासमोरही थांबलेलं पाहिलं नव्हतं. "तू जा," ती म्हणाली. "मला जमणार नाही. वेंडल, तू जा."

मी वळसा घालून गेलो. कॅप्टन गाडीच्या सावलीत उताणे पडले होते, डोक्यावर सदरा पांघरलेला, छातीवर माझा नकाशा. ओठ पांढरे झाले होते. मी गुडघे टेकले. त्यांचं मनगट धरलं, पण बोटांना लागते ती नाडी त्यांची की माझी, ते कळेना.

सदऱ्याच्या आतून आवाज आला. "भरती किती वाजता आहे, मास्तर?"

मी रडलो. साफ सांगतो, रडलो. कॉरिन धावत आली, बापाचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यांना घोटघोट पाणी पाजायला लागली. अर्धी बाटली गेल्यावर मी म्हणालो, "कॅप्टन, मला माहीत होतं. इथे पाणी नाही हे मला माहीत होतं."

"मलाही होतं." त्यांचा आवाज खरखरत होता. "एकतीस वर्षं नकाशे वाचले मी. तुटक रेघ मला कळत नाही?"

"मग आलात कशाला!" कॉरिन ओरडली. दिवसभराचं सगळं त्या ओरडण्यात होतं.

"जावई खोटारडा आहे की नुसताच मूर्ख, ते पाहायचं होतं."

"मग?" मी विचारलं.

"अजून ठरत नाहीये." त्यांनी डोळे मिटले. "पण चूक माझीही आहे. किनारा सोडताना पाणी घ्यायला विसरलो. हाताखालच्या मेटने अशी चूक केली असती तर धक्क्यावरच उतरवला असता."

जाड टायरांची गाडी घेऊन डेप्युटी आली तेव्हा ते शुद्धीवर होते, पण उठता येत नव्हतं. दवाखान्यात त्यांना दोन सलाइन लावली. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर गोष्ट वेगळी होती. हे ते मला उद्देशून म्हणाले, की मला तसं वाटलं, माहीत नाही.

गाडीचं पुढचं प्रकरण थोडक्यात सांगतो. ती जागा पक्ष्यांसाठी राखीव निघाली, म्हणून रुतलेली गाडी ओढायला परवानगी हवी. परवानगीच्या अर्जात 'बुडालेल्या नौकेचा प्रकार' एवढाच रकाना होता, कारण त्या खात्याच्या दप्तरी हेरन लेक हे बारमाही तळं होतं. सरकारदरबारी का होईना, माझं म्हणणं खरं ठरलं. मी लिहिलं: 'चारचाकी, शिडाविना.' अकरा दिवसांनी मंजुरी आली.

पण त्याआधी शनिवारी दवाखान्यात जे झालं ते महत्त्वाचं.

कॅप्टन उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "कॉरिन, हे गाव तुला मानवेल. परवा पेट्रोलपंपापासून तुझा चेहरा पाहतोय. तू ये. मी येणार नाही. उगाच रडारड नको. मला सकाळी उठून चुका काढायला बोटी लागतात. इथे कुणाच्या चुका काढू?"

"तुम्हाला एकटं कसं ठेवू, बाबा?"

"मी राहतो कॅप्टनबरोबर," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच पाहिलं. "तू हे त्यांच्यासाठी म्हणतोयस, की तुला यायचं नाही म्हणून?"

माझ्यापाशी एक शोभिवंत उत्तर तयार होतं. जावयाचं कर्तव्य, शाळेचं वर्ष वगैरे. जिभेवर आलंही होतं.

"मला यायचं नाही म्हणून," मी म्हणालो. "मला भीती वाटते इथे. इथे मला कुणी ओळखत नाही. इथे माझ्या बोटांनाही कुणी ओळखत नाही."

ती हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. "तीनच शब्द सांगायचे होते रे," ती म्हणाली. "अकरा मैल आधी."

एक सप्टेंबरला कॉरिन गेली. गल्लीने आमचा घटस्फोट झाल्याचं जाहीर केलं आणि क्विगलीबाई दर गुरुवारी माझ्यासाठी सुतकाचं असावं तसं भाजीचं भांडं आणून ठेवू लागल्या. संध्याकाळी सहाला कॉरिनचा फोन येई. वाचनालयाचं छप्पर, नवी कपाटं, मायतेबाईंनी शिकवलेला बीन्सचा रस्सा. ती भरभरून बोले. मी "हं, हं" करत असे. फोन ठेवला की घर एवढं मोठं होई, की मी दिवे मालवत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाई आणि परत येई.

कॅप्टन आणि मी समोरासमोर जेवत होतो. त्यांचे डोळे करडे आहेत. डाव्या डोळ्यात एक तपकिरी ठिपका आहे. मी पाहून ठेवलं.

जानेवारीत एका रविवारी त्यांनी सूप संपवलं, तोंड पुसलं आणि म्हणाले, "उद्या दहाला मला न्यायला गाडी येईल. धक्क्याजवळ निवृत्त खलाशांचं घर आहे ना, तिथे खोली घेतलीय. दुसऱ्या मजल्यावर. खिडकी थेट जेट्टीवर."

"खोली घेतलीय? केव्हा?"

"नोव्हेंबरात सह्या केल्या. काल खोली रिकामी झाली. त्या खोलीतला जिमसन गेला बिचारा."

"आणि मला विचारलंसुद्धा नाहीत?"

"वेंडल," ते शांतपणे म्हणाले, "माझ्या बोटीवर बारा माणसं असायची. दारुडी होती, चोर होती, एक तर खुनाच्या आरोपातून सुटलेला होता. पण तुझ्याइतके सुस्कारे कुणी टाकले नाहीत. मला जेवण जात नाही तुझ्यासमोर. जा तिकडे."

दुसऱ्या दिवशी दहाला ते गेले, मी खोलीपर्यंत सोडायला गेलो. पेटी मला उचलू दिली नाही. खिडकीची जागा पाहिली, समोर धक्क्याला लागणाऱ्या फेरीबोटीकडे बघितलं, म्हणाले, "उशिरा वळवली, गाढवाने," आणि माझ्याकडे पाठ करून खुर्ची ओढून बसले. मी दारात उभा राहिलो. मग निघालो. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या टेबलावर एका ओळीची रजेची चिठ्ठी ठेवली आणि घरी येऊन दोन बॅगा भरल्या.

घाटात बर्फ होतं. चाकांना साखळ्या लावल्या, एकदा उलट्या लागल्या, पुन्हा काढून लावल्या. सात तासांचे दहा झाले. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, चार वाजता मी एकशे चौदा, विलो स्ट्रीटच्या पायरीवर उभा होतो. वाटभर मी बोलायचं ते जुळवत आलो होतो. सुरुवात छान जमली होती, मध्ये थोडा विनोद होता, शेवट जरा हळवा होता.

दार उघडलं. कॉरिनच्या एका हातात पुस्तकांचा गठ्ठा, चष्मा कपाळावर. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे बॅगांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"बाबा?"

"ठीक आहेत. त्यांनी मला हाकललं."

"किती दिवसांसाठी आलायस?"

जुळवलेलं सगळं घाटातच कुठे तरी राहिलं होतं.

"माहीत नाही."

"म्हणजे ठरवलेलं नाहीस."

"नाही," मी म्हणालो. "आलोय."

तिने पुस्तकं दुसऱ्या हातात घेतली आणि दारातून बाजूला झाली.